सॅम्पल बंगल्याचा झरा

१

विहिरीच्या काठावर एकवीस हंडे, नऊ कळश्या, चार दोर आणि चौदा बायका होत्या. आत खाली, भिंतीतल्या कोनाड्यात, आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, सात दगड होते. तळाच्या खळग्यात थोडं गढूळ पाणी होतं. आदल्या संध्याकाळी याच विहिरीत दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला होता आणि तो रिकामा होताना मी काठावर उभी होते.

आमचा बेहडपाडा खर्डी स्टेशनच्या मागच्या डोंगराला लागून आहे. एप्रिल लागला की विहिरीचे झरे आटतात, मग रविवार, मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी टँकर येतो. टँकरवाला पाणी विहिरीत ओततो आणि आम्ही ते शेंदून काढतो. नियम ठरलेला आहे: संध्याकाळी घरटी दोन हंडे, बाकीचं सकाळी. या वर्षी सकाळसाठी काही उरतच नव्हतं.

"रातचा कोण तरी मोटर लावतोय," बारकीकाकी म्हणाली. तिने मान वळवून विहिरीला सर्वांत जवळ असलेल्या घराकडे पाहिलं. "रंगे, तुझ्या वांग्यांना दव पिऊन फळं धरली काय गो?"

हशा झाला.

"माझ्या मोरीचं पाणी जातं तिथं," रंगूमावशी म्हणाली. "तू पण आंघोळ करत जा, तुझ्या दारात पण लागतील."

आता हशा दुसऱ्या बाजूने झाला. पण तो टिकला नाही. भगीरथमामा रंगूमावशीच्या परड्यातून येत होता आणि त्याच्या हातात काळा पाइप होता. तो माझ्या आईचा सख्खा भाऊ. पाड्यात देवाधर्माचं त्याच्याशिवाय पान हलत नाही.

"आन् ह्यो काय हाय मग?" त्याने पाइप सगळ्यांसमोर टाकला.

"मोरीचाच हाय रे, भगीरथ. तुला म्हायती हाय."

"मला कायपण म्हायती नाय. रविवारी दुपारी सगळी बसू. तवर रंगूने या विहिरीला दोर लावायचा नाय. ठरलं तर मग कायमचंच."

रंगूमावशीची सासू दोन वर्षं अंथरुणावर आहे. ही विहीर बंद झाली तर मावशीला ओहोळाच्या डोहापर्यंत उतरायचं आणि डोक्यावर हंडे घेऊन तो चढ चढायचा. पासष्ट वर्षांच्या बाईला ते किती दिवस झेपेल हे चौदा बायकांना कळत होतं. एकही बोलली नाही. मी बोलले.

"मामा, पाइप म्हणजे पुरावा नाही."

"तू शिकलीस ना? मग पुरावा आण," मामा म्हणाला. "रविवारच्या आत."

२

मी फिजिक्सची पदवीधर आहे. नोकरी करते ती पाड्याच्या खालच्या उतारावर, 'मेघमाळ' नावाच्या प्लॉटिंगमध्ये. तिथे अजून एकच घर उभं आहे, सॅम्पल बंगला. कल्याण-डोंबिवलीहून गाड्या येतात, मी लोकांना बंगला दाखवते आणि पाठ केलेलं म्हणते: दोन बेडरूम, उघडा व्हरांडा, पाठीमागे स्विमिंग पूल, शंभर पावलांवर क्लब हाउस, मुलांची बाग, चालायला ट्रॅक, छोटं मंदिर, चोवीस तास पाणी. आपला स्वतःचा जिवंत झरा.

त्या सोमवारीही पूल काठोकाठ होता. एक बाई चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली होती. तिच्या मुलाने पाण्यात उडी मारली आणि बाहेर सांडलेलं पाणी फरशीवरून वाहत बागेत गेलं. मला हसून बोलायचं होतं, ते मी बोलले. जबडा दुखायला लागला.

साइटचा सगळा कारभार विपुल सर बघतात. कल्याणचे आहेत, माणूस गोड बोलतो.

"प्रेमा, या आठवड्याच्या व्हिजिट्स लाव. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळचा टाइम दे."

"शनिवारी जास्त लोक येतील, सर. सुट्टी असते."

"शनिवारी पूल डाउन असतो. झरा काय रोज फुल फोर्स देत नाही." ते हसले. "निसर्ग आहे बाबा. त्याचा मूड."

मी वहीत तीन वार लिहिले आणि ते वाचत तशीच बसून राहिले. झऱ्याला वार कळत होते.

३

शंका आली म्हणून काही सिद्ध होत नाही. आधी सोपी कारणं तपासायची. सर्वांत सोपं कारण होतं पंढरी, म्हणजे टँकरचा ड्रायव्हर. पाड्यात अर्धे लोक म्हणत होते की तो वाटेत कुठल्या तरी फार्महाउसवर अर्धा टँकर सोडून येतो.

मंगळवारी तो आला तेव्हा मी दोराला लोखंडी बोल्ट बांधून, दोरावर मीटर-सेंटिमीटरच्या खुणा करून तयार होते.

"काय गो, मासे धरतेस काय?" त्याने खिडकीतून विचारलं.

"तुम्हाला धरतेय."

"धर, धर. बायको पण तेच म्हणते." पाइप विहिरीत सोडून तो टायरवर टेकला. मग त्याचा आवाज बदलला. "तुझ्या मामाने मला चोर म्हटलं, चार माणसांत. वीस वर्षं पाणी वाटतोय मी. माझ्या गावाला पण टँकरच येतो, प्रेमा. मी पाणी चोरीन?"

विहिरीची रुंदी आणि तळाचा खळगा धरून मी हिशेब केला होता. टँकर पूर्ण भरलेला असेल, तर पाणी काठापासून पाच मीटरवर यायला हवं होतं. ते पाच मीटर एक सेंटिमीटरवर आलं. तो एक सेंटिमीटर पाइपच्या सांध्यातून जमिनीवर सांडताना मला दिसत होता.

"पंढरीदादा, तुम्ही सुटलात," मी म्हटलं.

"मग अडकला कोण?"

बुधवारी पहाटे, कोणी यायच्या आधी, मी पुन्हा बोल्ट सोडला. सहा मीटर चाळीस.

४

गुरुवारी दुपारी डीपी जळाला. पाड्यात वीज नाही, खालच्या वाडीतही नाही. संध्याकाळी टँकर आला, बायकांनी अंधारातच हंडे भरले. भांडण झालं आणि या वेळी घरटी तीन तीन हंडे निघाले, कारण सकाळवर कोणाचा भरवसा उरला नव्हता. वीज शुक्रवारी दुपारपर्यंत आली नाही.

शुक्रवारी पहाटे पाणी पुन्हा गेलेलं होतं. मी बोल्ट सोडला. सहा मीटर चाळीस.

मी काठावरच बसले. एकेक गोष्ट मोठ्याने बोलून ठेवली.

वीज नव्हती. म्हणजे मोटर नव्हती, रंगूमावशीचीही नाही आणि दुसऱ्या कोणाचीही नाही. डिझेलचं इंजीन असतं तर अख्ख्या पाड्याला ऐकू आलं असतं. हंड्याने शेंदून एका रात्रीत एवढं पाणी काढायला पंचवीस माणसं लागली असती आणि काठावर चिखल झाला असता. काठ कोरडा होता. पाणी आपोआप गेलं होतं आणि आपोआप जाणारं पाणी उताराकडेच जातं.

दुसरं, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाण्याची पातळी वेगळी होती, तरी दोन्ही सकाळी ते एकाच रेषेवर थांबलं. चोर एवढा नेमका नसतो. तळ फुटला असता तर खळगाही कोरडा पडला असता. पाणी एका उंचीला येऊन थांबतं, याचा अर्थ त्या उंचीवर भोक आहे.

मी आजूबाजूला पाहिलं. उताराला, तारेच्या कुंपणापलीकडे, मेघमाळची नवी विहीर होती. तिला चारही बाजूंनी पत्रे लावले होते.

पण आमच्या विहिरीत भोक असेल तर ते कोणाला दिसत का नव्हतं?

५

सूर्य डोक्यावर आल्यावर मी घरातला आरसा आणला आणि ऊन खाली विहिरीत टाकलं. रंगूमावशी तिच्या ओट्यावरून बघत होती. काठाजवळ यायची तिला बंदी होती.

उजेडाचा चौकोन मी भिंतीवरून हळूहळू खाली नेला. बांधकामाचे दगड शेवाळाने काळे पडलेले. मग कोनाडा आला. त्याच्या कडा पांढऱ्या होत्या. ताज्या फुटलेल्या दगडाचा रंग.

आसरा आधी वर, उंबराखाली होत्या. शिमग्यानंतर भगीरथमामाने सांगितलं की त्या स्वप्नात आल्या, विहिरीतला एक दगड आपोआप निखळला आणि त्यांनी पाण्याजवळ जागा मागितली. त्याने दगड खाली नेऊन ठेवले. मग पाड्याला बजावलं: आता आत कोणी उतरायचं नाही, मीसुद्धा नाही. म्हणून या वर्षी विहिरीतला गाळही काढला नव्हता. सातही आसरांना आम्ही सगळेच भितो. माझी आई तर विहिरीजवळ मोठ्याने शिंकतही नाही.

कोनाड्याचा तळ नेमका पाण्याच्या रेषेवर होता. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर अडकलं. सातही दगडांवर कुंकू होतं. कोरडं, लालभडक.

मी घरी गेले. एका दगडाला कुंकू लावलं, वाळू दिलं आणि बादलीत बुडवून ठेवलं. संध्याकाळी दगड जवळपास कोरा होता आणि पाणी लालसर.

टँकर आल्यावर आसरा पाण्याखाली जात होत्या. पाणी उतरल्यावर त्या पुन्हा लाल होत होत्या. कोणीतरी दर वेळी पहाटे विहिरीत उतरत होतं आणि आसरांना शिवायची हिंमत पाड्यात एकाच माणसाकडे होती.

रंगूमावशी ओट्यावरून म्हणाली, "काय दिसलं गो?"

मला सांगता आलं नाही. तो माझा मामा होता. लहानपणी तापात मला खांद्यावर घेऊन तो खर्डीच्या दवाखान्यापर्यंत चालत गेला होता. आणि तो रात्री कुठे असतो हेही मला माहीत होतं. मेघमाळच्या गेटवर, वॉचमन.

६

रविवारी दुपारी पाडा विहिरीजवळच्या बेहड्याच्या झाडाखाली बसला. रंगूमावशी एकटी, उन्हात. सावलीत तिच्यासाठी कोणी सरकलं नाही.

"पुरावा आणलास?" मामाने विचारलं.

"आधी एक प्रश्न आहे. आसरांना रोज कुंकू कोण लावतं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बारकीकाकी म्हणाली, "मी नाय बाय. मी तर खाली बघत पण नाय."

"मामा, तुम्ही?"

"मी वरनंच हात जोडतो. आत कोण उतरत नाय, मी सांगितलंय ना?"

"मग हे बघा." मी आरसा धरला. लोक काठाशी गोळा झाले. खाली सात लाल दगड चमकले. मी बादलीतला दगड सगळ्यांच्या हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. वीज नव्हती तरी पाणी गेलं, हेही सांगितलं. ते सगळ्यांना माहीत होतं, कोणी त्याचा विचार केला नव्हता. केला असता तर दोषी म्हणून एक बाई हाताशी राहिली नसती.

"पाणी रंगूमावशीने नेलेलं नाही," मी म्हटलं. "भोक आसरांच्या मागे आहे. मी उतरते आणि दगड बाजूला करते."

"हात लावू नको!" मामा ओरडला. "कोप होईल! पाडा जाईल!"

"मी उतरते," रंगूमावशी उठली. तिने पदर खोचला. "माझ्यावर आता आनखी काय कोप व्हायचा राह्यलाय?"

ती काठावर आली. भिंतीतून बाहेर आलेल्या पहिल्या दगडावर तिने पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. मामाने तिचा दंड धरला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"तू नको," तो म्हणाला. "तुला लागंल त्यांचं. मीच उतरतो. केलंय मी, मीच काढतो."

७

त्याने एकेक आसरा धोतराच्या सोग्यात घेऊन वर आणली. सातवी आणताना तो रडत होता. कोनाड्यात, मागच्या बाजूला, मूठ आत जाईल एवढं गोल भोक होतं.

सांगताना तो फक्त जमिनीकडे बघत होता. मेघमाळच्या विहिरीला पाणी लागलं नाही, म्हणून त्यांनी तिच्या पोटातून आडवं बोअर मारलं. मशीनचं टोक आमच्या विहिरीची भिंत फोडून बाहेर आलं. राखणीला मामा होता.

"विपुलशेठ म्हनला, तुमची विहीर तशी पन सुकते. बोलू नको. सुयोगला पर्मनंट करतो." सुयोग म्हणजे मामाचा मुलगा, तिथे पूल साफ करतो. "मंग टँकर चालू झाला. म्हनला, रातचा कॉक सोड थोडा. थोडाच, म्हनला."

"आणि रंगूमावशीचा पाइप?" मी विचारलं.

"लोक इचारायला लागली ना गो. कोन तरी पायजेल होता."

"मग कुंकू कशाला लावत होतात? नसतं लावलं तर मला कळलंच नसतं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याला माझा प्रश्नच समजला नसावा. "त्यांच्या पाठीमागनं पानी न्यायचं, आन् माफी पन नाय मागायची? दर वेळंला मागितली मी. नाक घासून."

रंगूमावशी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आसरांची मागितलीस," ती म्हणाली. "आन् माझी?"

मामा पुन्हा जमिनीकडे बघायला लागला. ती थांबली. पुरेसा वेळ थांबली. मग वळून बायकांना म्हणाली, "तुमी पन सगळ्या बसल्या होत्या तिथं. सावलीत."

बारकीकाकीने मान खाली घातली.

८

आम्ही सगळे उतार उतरलो. चौघी वरच थांबल्या, घरटी एक कळशी पाणी जमवून. गेटवर दिवसा कोणी नसतं आणि रात्रीचा वॉचमन आमच्याबरोबर होता. पत्रे बायकांनीच हलवले.

नव्या विहिरीच्या भिंतीत, आमच्या पाड्याच्या बाजूला, पाइपाचं तोंड होतं आणि त्याला पितळी कॉक. मामाने तो उघडला. मी वरच्या चौघींना हाक दिली; त्यांच्यातली एक कोनाड्यापर्यंत उतरून जमवलेलं पाणी भोकात ओतणार होती.

विपुल सर बंगल्यातून धावत आले. त्यांच्या मागे एक जोडपं होतं, सुट्टी बघून न कळवताच आलेलं, ब्रोशर हातात घेऊन.

"प्रेमा! हे काय? ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. तू स्टाफ आहेस ना?"

"होते."

"हे बघ, तुमचा काही गैरसमज असेल तर ऑफिसमध्ये बसून बोलू. झरा आहे तो, जमिनीखालून कुठूनही येऊ शकतो. तू सायन्सची आहेस, तुला कळायला पाहिजे."

"कळतं ना. म्हणून तर आले."

पाइपात आधी नुसता आवाज झाला. मग पाण्याची बारीक धार आली आणि जाड झाली. कोनाड्यात सांडलेलं कुंकू तिच्याबरोबर आलं होतं. धार लालसर होती.

"हे रक्त आहे?" ब्रोशरवाल्या बाईने घाबरून विचारलं.

"कुंकू हाय," रंगूमावशी म्हणाली. "आमच्या देवीचं. तुमच्या पोहायच्या टाकीत रोज जातं."

विपुल सर हसायचा प्रयत्न करत होते. "लोकल लोकांच्या श्रद्धा आहेत, सर, आपण..."

"श्रद्धा वर ठेवून आलोय आम्ही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खाली आणलंय ते पिण्याचं पाणी. सरकारी टँकरचं. माझ्या पाड्यातल्या बायका हंड्याला हंडा घासून भांडत होत्या तेव्हा तुमच्या बागेत स्प्रिंकलर चालू होता. एका म्हाताऱ्या बाईला आम्ही आठवडाभर डोहावर पाठवलं. आणि मी इथे उभी राहून लोकांना झरा दाखवत होते. पोलीस स्टेशनला आणि तहसीलदारांकडे मी उद्या जाणार आहे. आज वेळ नाही, आज टँकर येतोय."

ब्रोशरवाला माणूस गाडीकडे निघाला होता. त्याची बायको थोडी थांबली. तिने पूलकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि ब्रोशर पत्र्यावर ठेवून गेली.

टँकर यायच्या आत मामा पुन्हा विहिरीत उतरला. सागाचा खुंटा तासून, त्याला गोणपाट गुंडाळून त्याने भोकात ठोकला. दोर रंगूमावशीने धरला होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण तो वर येईपर्यंत तिने दोर सोडला नाही. आसरा बायकांनी उंबराखाली नेल्या.

संध्याकाळी पंढरीने टँकर रिकामा केला. घरटी दोन हंडे निघाले. रंगूमावशीला बारकीकाकीने सगळ्यांत आधी पुढे केलं. ती गेली, हंडे भरले आणि कोणाकडे न बघता घरी निघून गेली.

मी बोल्ट सोडला. काठापासून पाण्यापर्यंत पाच मीटर नऊ सेंटिमीटर.

सोमवारी पहाटे, पहिला दोर पडायच्या आधी, पुन्हा सोडला. पाच मीटर अकरा सेंटिमीटर.